गॅस कमी झालाय म्हणे!

मार्च सरत आला की यवतमाळ, वणी, पुसद, पांढरकवडा इथल्या गाड्यांच्या एसी गॅरेजांत गर्दी वाढू लागते आणि जवळपास प्रत्येक गिऱ्हाइकाच्या तोंडी एकच वाक्य असतं: "भाऊ, कुलिंग येऊन नाही राहिली. गॅस टाकून द्या." तक्रार सांगतानाच इलाजही सांगून टाकलेला असतो. मेकॅनिक गेज लावतो, काटा बघतो, सिलिंडर उघडतो. आठ-पंधरा दिवस बरे जातात. मग नवतपा लागतो आणि तीच गाडी पुन्हा त्याच दारात येऊन उभी राहते.

गाडीतला एसी आपल्याकडे बराच काळ चैनीत मोजला गेला. पण मे महिन्यात म्हातारं माणूस घेऊन सेवाग्रामला, सावंगीला किंवा नागपूरच्या दवाखान्यात जायचं असेल, तर तो गरजेच्याच यादीत येतो. लग्नसराई याच दिवसांत असते. सात जणांच्या गाडीत नऊ जण बसवून आर्णीहून वर्धेकडे भर दुपारी निघालेली वऱ्हाडं या रस्त्यांना नवी नाहीत. अशा वेळी एसी दगा देतो तेव्हा शंका गॅसवरच घेतली जाते. माझ्या मते आपल्या भागात ही शंका सर्वांत शेवटी यायला हवी.

त्यासाठी यंत्र काय करतं ते आधी पाहायला हवं. एसी थंडी तयार करत नाही, तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. सध्याच्या बहुतेक गाड्यांत आर-134ए नावाचा वायू असतो. नेहमीच्या हवेच्या दाबाखाली तो उणे 26 अंशांना उकळतो. डॅशबोर्डच्या मागच्या कुलिंग कॉइलमध्ये तो कमी दाबावर उकळतो आणि उकळताना आतल्या हवेची उष्णता ओढून घेतो. कॉम्प्रेसर त्याला दाबून आणखी तापवतो. पुढच्या जाळीमागच्या कंडेन्सरमध्ये तो ती उष्णता बाहेरच्या हवेला देतो, पुन्हा द्रव होतो आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून परत आत येतो. रहाटाच्या पोहऱ्यांसारखा तोच गॅस भरून-रिकामा होत फिरत राहतो. पोहरे झिजत नाहीत तसा तो वापराने संपतही नाही. कमी झाला असेल तर कुठून तरी गळाला आहे, इतकाच त्याचा अर्थ.

खरी अडचण कंडेन्सरपाशी आहे. उष्णता नेहमी जास्त तापलेल्याकडून कमी तापलेल्याकडे जाते. बाहेर 30 अंश असेल तर कंडेन्सरमधला गॅस 45 ते 50 अंशांवर राहिला तरी पुरतो, आणि गेजवर मोठ्या बाजूचा काटा साधारण 160 ते 180 पीएसआय दाखवतो. बाहेर 45 अंश झाले की त्याच गॅसला 62-65 अंशांवर जावं लागतं आणि काटा 240 ते 260 वर चढतो. हे निरोगी गाडीचे आकडे झाले. शिवाय हवामान खात्याचा पारा सावलीत, जमिनीपासून चार फुटांच्या वर मोजलेला असतो. गाडीचं तोंड त्याहून खाली आणि उन्हात तापलेल्या डांबराच्या जवळ असतं. म्हणजे पेपरात 45 छापून येतं त्या दिवशी कंडेन्सरला मिळणारी हवा त्याहून कितीतरी गरम असते. पुढची जाळी कचऱ्याने भरलेली असेल किंवा पंखा मंदावला असेल, तर दाब आणखी वर जातो. 450 पीएसआयच्या आसपास गाडीचं प्रेशर स्विच जीव वाचवायला कॉम्प्रेसरच बंद करून टाकतं. चालकाला एवढंच कळतं की थंड हवा यायची थांबली. मग तो म्हणतो, गॅस संपला.

पुण्या-मुंबईच्या देखभालीच्या सल्ल्यांत न सापडणारी एक गोष्ट इथे आहे. यवतमाळचा उन्हाळा सुरू होण्याआधीच इथल्या गाड्यांचे कंडेन्सर अर्धे चोंदलेले असतात. सोयाबीन निघाल्यापासून कुटार उडायला लागतं. पाठोपाठ कापूस येतो. उघड्या टेम्पो-ट्रॉल्यांतून जिनिंगकडे जाणाऱ्या कापसाचे पुंजके रस्त्याकडेच्या बाभळींना लटकलेले आपण सगळेच पाहतो. बाभळींना जे लटकतं तेच गाडीच्या जाळीत शिरतं. दिवाळीपासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत जिनिंगांचा हंगाम चालतो आणि लगेच ऊन तापतं. त्याच जाळीवर काळ्या मातीची बारीक धूळ बसते, पावसाळ्यातल्या किड्यांचे चिकट अवशेष असतातच. कापसाचा तंतू धूळ धरून ठेवतो, त्यामुळे नुसत्या धुळीपेक्षा हा थर दाट होतो.

वणीकडचा कचरा वेगळा. घोन्सा, उकणी, राजूर या कोळसा पट्ट्यातली धूळ काळी आणि तेलकट असते, पाण्याने सहज सुटत नाही. राजूरच्या चुनाभट्ट्यांच्या वाऱ्याला रोज उभी राहणारी गाडी असेल तर आणखी सावध राहावं. चुन्याची पूड ओलसर झाली की अल्कधर्मी होते आणि ॲल्युमिनियमला खाते. कंडेन्सरच्या पात्या ॲल्युमिनियमच्याच, कागदाइतक्या पातळ. त्या भागात कंडेन्सर आठवड्या-पंधरवड्याला नुसत्या पाण्याने धुतला तरी पुष्कळ होतं. या खाणकामाच्या पट्ट्यात राहणाऱ्याने कंपनीच्या वेळापत्रकातलं 'दर दहा हजार किलोमीटरला' हे वाक्य विसरलेलं बरं. ते वेळापत्रक कुणी तरी दुसऱ्या हवेत बसून लिहिलेलं आहे.

हा थर समोरून दिसत नाही, आणि फसगत इथेच होते. बॉनेट उघडून समोरून पाहिलं तर कंडेन्सर बऱ्यापैकी स्वच्छ वाटतो. त्याच्या मागे रेडिएटर असतो आणि दोघांमध्ये एखाद-दोन इंचाची फट. त्या फटीत वरून मोबाइलचा टॉर्च मारून पाहा. राखाडी रंगाचा, बोटाने ओढला तर पट्टीसारखा निघणारा थर तिथे सापडतो. कापूस, धूळ आणि कुटार मिळून झालेला. पंखा हवा ओढत असतो, पण ती या थरातून जात नाही, बाजूने वळसा घालून निघून जाते. असा थर असला की एसी तर मंदावतोच, इंजिनही गरम होऊ लागतं. चढावर एसी लावला की टेम्परेचरचा काटा हलतो ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते, आणि लोक मात्र कुलंट बदलत बसतात.

धुण्याची पद्धत साधी आहे, पण उलटी केली की नुकसान होतं. पाणी आतून बाहेर, म्हणजे इंजिनाच्या बाजूकडून जाळीकडे मारायचं, कारण कचरा बाहेरून आत शिरलेला असतो. नळीची साधी धार पुरते. वॉशिंग सेंटरवरचा प्रेशर पंप जवळून मारला तर पात्या वाकून एकमेकींना चिकटतात आणि हवेची वाट कायमची बंद होते. मऊ ब्रश पात्यांच्या दिशेने फिरवायचा, आडवा नाही. सोड्याचे किंवा कॉस्टिकचे पाणी, फरशी धुण्याचे ॲसिड, यांतलं काही वापरू नये. थोडा सौम्य शांपू चालतो. इंजिन थंड असताना धुवावं. वाकलेल्या पात्या सरळ करायला फिन कोंब नावाचा कंगवा मिळतो, तोही नसेल तर पातळ चाकूच्या बोथट बाजूने हळूहळू सरळ करता येतात, फक्त नळीला धक्का लागू द्यायचा नाही.

पाण्याचा मुद्दा राहतो. निळोणा आणि चापडोह धरणं आटल्यावर 2018 च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहराने जे भोगलं, ते आठवणाऱ्या कुणालाही गाडी धुवा असं सांगताना संकोच वाटेल. पण कंडेन्सरपुरती दोन बादल्या पुरतात. बाकी गाडी ओल्या फडक्याने पुसली तरी चालते. पाणी कमी असेल तर बॉनेट चकचकीत ठेवण्यापेक्षा ते त्या फटीत घालावं.

काही हुशार मंडळी कापूस आत जाऊ नये म्हणून पुढच्या जाळीला मच्छरदाणीचा तुकडा लावतात. थंडीत ठीक आहे. उन्हाळ्यात ती मच्छरदाणी स्वतःच चोंदते आणि हवा अडवते. लावायचीच असेल तर मोठ्या छिद्राची लावावी आणि मार्चमध्ये काढून टाकावी.

कंडेन्सर स्वच्छ असूनही गाडी उभी असताना हवा गरम आणि हायवेला लागताच थंड येत असेल, तर पंखा तपासायचा. चालत्या गाडीला वारा फुकट मिळतो, उभ्या गाडीला पंखाच तो पुरवतो. इंजिन चालू, एसी चालू, बॉनेट उघडं, आणि मागून पाहायचं: पंखा फिरतो का, आणि जोरात फिरतो का. बहुतेक गाड्यांत एसी लावताच काही सेकंदांत तो सुरू व्हायला हवा. मोटरचे ब्रश झिजले की पंखा फिरतो पण ओढत नाही. दोन वेगांचा असेल तर लहान वेग देणारा रेझिस्टर किंवा मोठ्या वेगाचा रिले जळालेला असू शकतो. हे काम काही शेकड्यांत ते दोन-तीन हजारांत होतं. याच दोषासाठी कॉम्प्रेसर बदलायला सांगितलेल्या गाड्या सापडतात. बेइमानीपेक्षा घाई हे त्याचं कारण जास्त वेळा असतं.

आता गॅसकडे. छोट्या गाडीत साधारण साडेतीनशे ते साडेपाचशे ग्रॅम गॅस असतो. नेमका आकडा बॉनेटखालच्या स्टिकरवर छापलेला असतो आणि तो वाचण्याची तसदी फार थोडे घेतात. किती गॅस गळणं स्वाभाविक मानायचं? युरोपीय संघाच्या 2006 च्या नियमात एका कुलिंग कॉइलच्या गाडीसाठी वर्षाला 40 ग्रॅमची मर्यादा घातली होती. म्हणजे त्या मर्यादेवर गळणाऱ्या गाडीलाही कुलिंग जाणवण्याइतकं कमी व्हायला दोन-तीन वर्षं लागतील. ज्या गाडीला दरवर्षी गॅस टाकावा लागतो तिच्यात भोक आहे. ते शोधायचं सोडून वरून भरत राहणं म्हणजे पैसा आणि कॉम्प्रेसर दोन्ही घालवणं. गॅससोबत कॉम्प्रेसरचं तेलही फिरत असतं. गळतीच्या जागी ते झिरपतं आणि जोडावर तेलकट डाग उमटतो, त्यावर धूळ चिकटते. अनुभवी मेकॅनिक आधी नजर फिरवतो ती या डागांसाठी. नंतर नायट्रोजनने दाब देऊन साबणाचं पाणी, नाहीतर रंग टाकून निळ्या दिव्यात तपासणी. वणी-पांढरकवड्याच्या गाड्यांत ट्रकच्या चाकाखालून उडालेल्या खड्यांनी कंडेन्सरला पडलेली बारीक छिद्रं हे नेहमीचं कारण.

गेज बघून गॅस भरण्यात आणखी एक घोळ आहे, आणि तो आपल्या उन्हाळ्यात जास्त होतो. गेजवरचा दाब गॅसच्या वजनाइतकाच बाहेरच्या तापमानावर अवलंबून असतो. पंचेचाळीस अंशांत कंडेन्सर चोंदलेला असेल तर दोन्ही काटे वर दिसतात. ते पाहून कुणी गॅस जास्त आहे म्हणून सोडतो, आणि गाडी स्वच्छ केल्यावर तो कमी पडतो. याउलट सकाळी सातला, पंचवीस अंशांत, काटा खाली दिसतो म्हणून ठासून भरलेला गॅस दुपारी प्रेशर स्विचला कॉम्प्रेसर बंद करायला लावतो. सगळा गॅस मशीनमध्ये काढून घ्यायचा, वीस मिनिटं ते अर्धा तास व्हॅक्युम मारायचा, तो टिकतो का पाहायचं आणि स्टिकरवरच्या वजनाइतका मोजून भरायचा, ही एकच रीत भरवशाची. व्हॅक्युमचा उद्देश नुसती हवा काढणं एवढाच नाही. आत राहिलेला ओलावा एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या तोंडाशी बर्फ होतो, आणि कॉम्प्रेसरचं पीएजी तेल पाणी शोषून घेतं आणि आम्लता वाढवतं. "व्हॅक्युमला टाइम लागते, असाच टाकून देऊ का?" असं कुणी विचारलं तर नको म्हणावं आणि चहा प्यावा.

सिलिंडर कोणता आहे हेही पाहावं. स्वस्त, बनावट आर-134ए बाजारात फिरतो. त्यात कधी ज्वालाग्राही हायड्रोकार्बन असतात, कधी आर-40 म्हणजे मिथाइल क्लोराइड. हा दुसरा ॲल्युमिनियमशी रासायनिक क्रिया करतो. 2011 मध्ये अशाच भेसळीच्या गॅसमुळे व्हिएतनाम आणि ब्राझीलमध्ये मालवाहू शीतकंटेनरांचे स्फोट होऊन कामगार दगावले होते. आपल्या गाड्यांत तितकं टोकाचं सहसा होत नाही, पण ॲल्युमिनियमची कॉइल आतून सडवायला तेवढी भेसळ पुरते.

आतल्या बाजूची कामं कमी आहेत. डॅशबोर्डच्या खणामागचा केबिन फिल्टर काढून पाहा. आपल्याकडे तो किती लवकर काळा होतो हे पाहिलं की पुस्तिकेतल्या मुदतीवरचा विश्वास उडतो. काही जुन्या छोट्या गाड्यांत तो येतच नसे. तिथे सगळी धूळ थेट कॉइलवर बसते आणि चार-पाच वर्षांनी डॅशबोर्ड सोडून कॉइल काढावी लागते. फिल्टर चोंदला की कॉइलवरून हवा कमी जाते, कॉइल शून्याखाली जाते आणि तिच्यावर बर्फ धरतो. लक्षण ओळखायला सोपं आहे. निघाल्यावर तासभर झकास थंडी, मग हवेचा जोर कमी कमी होत जातो. एसीचं बटन बंद करून पंखा दहा मिनिटं चालू ठेवला की सगळं पुन्हा सुरळीत. यवतमाळहून नागपूरला जाताना वर्धा ओलांडल्यावर असं होत असेल तर फिल्टर किंवा कॉइलचा सेन्सर पाहायचा, गॅस नाही.

हिवाळ्यात हीटर लावणाऱ्यांनी आणखी एक बघावं. बऱ्याच गाड्यांत हीटरचा फ्लॅप केबलवर चालतो. केबल थोडी सरकली तरी नॉब निळ्यावर असूनही हीटरची गरम हवा आत मिसळत राहते. एसी पूर्ण ठणठणीत असतो आणि तरी गाडी थंड होत नाही.

मे महिन्यात आणखी एका गोष्टीने लोक घाबरतात: गाडीखाली पाणी टपकत नाही. मुंबईत एसी लावला की खाली थारोळं होतं. इथे पंचेचाळीस अंशांत हवेतला ओलावा दहा-पंधरा टक्क्यांवर येतो तेव्हा कॉइलवर जमायला पाणीच फारसं नसतं. थेंब नाही म्हणजे बिघाड, असं समजू नये. उलट आपला कोरडा उन्हाळा एसीला एक सवलतच देतो, कारण हवेतलं पाणी काढण्यात त्याची ताकद खर्च होत नाही. मृगाचे ढग आले, पारा 38 वर उतरला आणि हवा दमट झाली की तोच एसी जास्त दमतो. वाळ्याच्या ताटीचा कूलर आपल्याकडे चालतो तो याच कोरडेपणामुळे, आणि जूनमध्ये तो फसतो तोही याच कारणाने. अमेरिकेच्या कोरड्या नैर्ऋत्य राज्यांत एके काळी मोटारींच्या खिडकीला असे पाण्याचे कूलर टांगत. कंपनीतून एसी बसवून आलेली पहिली मोटार पॅकार्डची, 1940 च्या मॉडेलची. तिच्या कॉम्प्रेसरला क्लच नव्हता. एसी नको असेल तर गाडी थांबवून, बॉनेट उघडून पट्टाच काढावा लागे.

वापराबद्दल खूप सांगता येईल, पण मोजकंच उपयोगाचं आहे. अमेरिकेतल्या ॲरिझोनात 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आपल्यासारख्याच चाळीस अंशांच्या आसपासच्या उन्हात तासभर उभ्या गाडीच्या आतली हवा सरासरी 47 अंश, स्टिअरिंग 53 आणि डॅशबोर्ड तब्बल 69 अंशांवर गेला. सावलीतल्या गाडीत डॅशबोर्ड 48 वर थांबला. तो वीस अंशांचा फरक नंतर एसीलाच उपसावा लागतो. कडुनिंबाची सावली मिळत असेल तर शंभर पावलं चालावं. बसताच एसी लावून काचा बंद करू नयेत. एक-दोन मिनिटं चारही काचा उघड्या ठेवून गाडी चालवावी, तापलेली हवा निघून जाऊ द्यावी, मग काचा लावून आतलीच हवा फिरवणारं बटन दाबावं. थोडी थंड झालेली हवा आणखी थंड करायला एसीला सोपं जातं. मात्र लांबच्या प्रवासात दर अर्ध्या-पाऊण तासाने पाच मिनिटं बाहेरची हवा घ्यावी. चार-पाच माणसांच्या श्वासाने आत कार्बन डायऑक्साइड साचतो, चालकाला पेंग येते आणि दोष दुपारच्या जेवणाला दिला जातो. गाडीतल्या प्लास्टिकमधून बेंझिन निघून कॅन्सर होतो हा फॉरवर्ड दर एप्रिलला येतो. त्याला भक्कम पुराव्याचा आधार नाही. काचा उघडण्याचं कारण साधं आहे, आतली हवा बाहेरच्याहून गरम असते.

उभ्या गाडीत इंजिन आणि एसी चालू ठेवून, विशेषतः बंद शेडमध्ये, झोपणं मात्र खरोखर जिवावर बेततं. धुराड्यातला कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो आणि त्याला वास नसतो. लग्नाच्या मांडवाबाहेर दुपारी झोपणाऱ्या ड्रायव्हरांना हे सांगितलं पाहिजे. लहान मूल 'दोन मिनिटांसाठी' गाडीत ठेवू नये, हे आई-बापांना.

काळ्या काचांचा मोह आपल्या उन्हात समजण्यासारखा आहे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2012 मध्ये काचांवरच्या फिल्मवर बंदी घातली. पुढे नियम बदलले, आणि पुढच्या-मागच्या काचेतून 70 टक्के, बाजूच्या काचांतून 50 टक्के प्रकाश जाऊ देणारं आवरण चालतं असा निकाल केरळ उच्च न्यायालयाने 2024 मध्ये दिला. तेवढ्या पारदर्शक, उष्णता अडवणाऱ्या फिल्म मिळतात. काळेपणा आणि उष्णता अडवणं या वेगळ्या गोष्टी आहेत. रस्त्यावर अडवणारा हवालदार हा फरक मानेलच असं नाही, म्हणून फिल्मचं प्रमाणपत्र गाडीत ठेवावं.

खर्चाचा हिशेबही लागतो. अमेरिकी ऊर्जा खात्याच्या माहितीनुसार अतिउष्ण हवेत, विशेषतः छोट्या फेऱ्यांत, एसीमुळे मायलेज पाव हिश्शाहूनही जास्त घसरू शकतं. चोंदलेल्या कंडेन्सरच्या गाडीत ते आणखी घसरणार. आणि सोडून दिलेल्या गॅसचाही हिशेब आहे. आर-134ए चा एक किलो वातावरणात सुमारे 1430 किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरतो. एका छोट्या गाडीतला चारशे ग्रॅम गॅस गॅरेजच्या अंगणात सोडला, तर साधारण अडीचशे लिटर पेट्रोल जाळल्याइतका परिणाम होतो, म्हणजे गाडी पाचेक हजार किलोमीटर चालवल्याइतका. तरीही 'जुना गॅस उडवून नवा टाकतो' हे वाक्य सर्रास ऐकू येतं.

याआधी आर-12 होता. तो ओझोनचा थर खात असल्याने 1987 च्या माँट्रियल कराराने हद्दपार झाला आणि आर-134ए आला. आता त्याचीही पाळी आहे. युरोपात 2017 पासून नव्या गाड्यांत तो चालत नाही, तिथे आर-1234वायएफ आला. तो पृथ्वी तापवण्यात नगण्य, पण किमतीत कित्येक पट महाग आणि किंचित ज्वालाग्राही. भारताने माँट्रियल करारातल्या 2016 च्या किगाली दुरुस्तीला 2021 मध्ये मान्यता दिली. त्यानुसार 2028 ला अशा वायूंच्या वापराला कुंपण पडायचं आहे आणि 2047 पर्यंत तो 85 टक्क्यांनी घटवायचा आहे. आपल्या गॅरेजांच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच, की ज्याच्याकडे गॅस काढून घेऊन वजनाने भरणारं मशीन नाही त्याचा धंदा पुढे अवघड होणार. 2019 च्या राष्ट्रीय शीतलीकरण आराखड्यात एक लाख तंत्रज्ञांना 2022-23 पर्यंत प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचं उद्दिष्ट होतं. तालुक्याच्या गावी एसीचं काम अजूनही उस्तादाकडून शिकलं जातं. ते हलकं समजू नये. नुसत्या नळीला हात लावून कोणती बाजू किती गरम हे सांगणारी माणसं इथे आहेत. त्यांच्या हाताला वजनकाटा आणि व्हॅक्युम पंप मिळाला तर अर्धी कटकट मिटेल. गिऱ्हाइकाने 'पटकन करून द्या' म्हणणं थांबवलं तर उरलेली.

बॅटरीवरच्या गाड्या आता जिल्ह्यातही दिसतात. त्यांपैकी बऱ्याच गाड्यांत एसीचाच गॅस बॅटरीलाही थंड ठेवतो. तिथे चोंदलेला कंडेन्सर म्हणजे प्रवाशाला घाम तर फुटेलच, चार्जिंग आणि पल्ला दोन्हीही कमी होतील. तपासायची जागा मात्र तीच, जाळीमागची फट.

एसीच्या या चर्चेबाहेर राहणाऱ्यांची संख्या मोठी आहे. काळी-पिवळीत मागच्या बाकावर कोंबून बसलेल्यांना एसी म्हणजे खिडकीतून येणारा फुफाटा. वणीच्या कोळशाचे आणि चव्वेचाळीस क्रमांकाच्या महामार्गावरचे ट्रक-ड्रायव्हर डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून, इंजिनाच्या उष्णतेच्या शेजारी बसून दहा-बारा तास काढत आले. केंद्र सरकारने डिसेंबर 2023 मध्ये अधिसूचना काढून, 1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकांच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा केला. जुन्या ट्रकांना हा नियम लागू नाही, आणि ते अजून बरीच वर्षं रस्त्यावर राहतील. नव्या ट्रकांचे कंडेन्सर घोन्सा-उकणीच्या धुळीत पहिल्या हंगामातच काळे होणार हे सांगायला ज्योतिषी नको. खाणीच्या फाटकावर ट्रकची चाकं आणि ताडपत्री तपासतात. तिथेच पाण्याची एक साधी नळी ठेवली, आणि भरलेला ट्रक सुटण्याआधी जाळीवर आतून बाहेर पाच मिनिटं धार मारण्याची मुभा दिली, तर ड्रायव्हरला चंद्रपूर किंवा नागपूरपर्यंत तरी थंड हवा मिळेल.